अर्ज इथून की तिथून?

मिसिसागा

चि. सौ. सायली,


कॅनडाच्या पीआरचा, म्हणजे कायमच्या वास्तव्याचा, अर्ज पुण्यातूनच करायचा की व्हिजिटर व्हिसावर इकडे येऊन, असं तू विचारलंस. लवकर कुठून होईल, एवढंच तुम्ही दोघं बघताय. मी म्हणते, अर्ज फेटाळला तर हातात काय उरतं, ते आधी बघ.

आउटलँड, म्हणजे फॅमिली क्लासमधून केलेला अर्ज नाकारला गेला, तर स्पॉन्सर म्हणून तुझ्या नवऱ्याला, निखिलला, इमिग्रेशन अपील डिव्हिजनकडे दाद मागता येते. इनलँडला, म्हणजे कॅनडात राहणाऱ्या जोडीदारांसाठीच्या वर्गातून केलेल्या अर्जाला, तो हक्कच नाही. मग उरतं फेडरल कोर्ट, तेही कोर्टाने परवानगी दिली तर, आणि मुदत 15 दिवसांची. शिवाय नवऱ्यासोबत कॅनडात राहणं ही इनलँडची अटच आहे. ताईचं, तुझ्या आईचं, डायलिसिस चालू आहे. उद्या तुला तातडीने पुण्याला जावं लागलं आणि परत येताना इथल्या विमानतळावर अडवलं, तर अख्खा अर्ज धोक्यात येईल. आईजवळ जायचं की अर्ज सांभाळायचा, या पेचात तू पडू नयेस, असं मला फार वाटतं.

पूर्वी लोक इनलँडकडे वळायचे ते ओपन वर्क परमिटसाठी. 2023 मध्ये कॅनडात जोडीदारासोबत राहणाऱ्या आउटलँड अर्जदारांनाही ती सवलत मिळाली. आउटलँड अर्ज करून इथे येऊन राहायला मनाई नाही, हे बऱ्याच जणांना ठाऊकच नसतं. विमानतळावर अधिकाऱ्याने विचारलं तर अर्ज लपवू नकोस. आज तात्पुरतं येणं आणि पुढे कायम राहायची इच्छा, दोन्ही एकत्र असू शकतात हे कायदाच मानतो. मात्र व्हिजिटरला सहसा मिळणारे मुक्कामाचे सहा महिने संपण्याआधी मुदतवाढीचा अर्ज गेलाच पाहिजे. पीआरची फाइल आत आहे म्हणून राहण्याची परवानगी आपोआप वाढत नाही.

तुझ्या पासपोर्टवर माहेरचं नाव आहे आणि बँकेत सासरचं. फॉर्ममध्ये दोन्ही लिही, नाहीतर तिथेच शंका निघते. लग्नाचा पुरावा म्हणून फोटो नुसते स्टेजवरचे नकोत. निखिल दिवाळीला आला होता तेव्हाचे, ताईच्या स्वयंपाकघरातले, घरच्या माणसांबरोबरचे पाठव.

आउटलँडच कर. फाइल पाठवण्याआधी एकदा मला वाचायला दे.

तुझी,
मावशी