धातूची थकावट

लोखंडी तार एकदां वांकविल्यानें तुटत नाहीं. परंतु तीच जागा पुनःपुन्हां मागेंपुढें वांकविली असतां ती सहज तुटते, हें तुम्हीं पाहिलेंच असेल. धातूच्या या दोषास थकावट म्हणतात. इ. स. १८४२ मध्यें फ्रान्सांत व्हर्सायनजीक आगगाडीच्या एंजिनाचा आंस मोडून भयंकर अपघात झाला. पुढें ऑगस्ट व्होलर या जर्मन एंजिनियरानें अनेक वर्षें प्रयोग करून सिद्ध केलें कीं, पुष्कळ वेळां येणारा लहान भारही अखेरीस आंस मोडतो.

नैसर्गिक वायु शुद्ध करण्याच्या कारखान्यांत हा नियम जिवावर बेततो. तेथें मोठ्या नळांतून ज्वालाग्राही वायु फार दाबाखालीं वाहतो. त्या नळांस दाबमापकाकरितां किंवा निचऱ्याकरितां लहान नळ्या जोडलेल्या असून, त्यांच्या टोकांस जड झडपा असतात. यंत्राच्या धक्क्यांनीं वा वायूच्या खळबळीनें मोठा नळ थरथरूं लागला म्हणजे टोकाचें वजन हेलकावे खातें, व सर्व ताण मुळाच्या सांध्यावर पडतो. सेकंदास २५ हेलकावे धरले, तर एका दिवसांत २१,६०,००० होतात! प्रथम केसासारखी चीर पडते. ती वाढून नळी तुटते. मग एक ठिणगीही पुरते.

कोणती नळी धोक्याची, हें ठरविण्याची रीत लंडन येथील एनर्जी इन्स्टिट्यूटच्या मार्गदर्शिकेंत (दुसरी आवृत्ति, २००८) दिली आहे. मोठ्या नळाच्या कंपनाचा एक अंक काढावा. नळीची लांबी, व्यास, सांध्याचा प्रकार व झडपांची संख्या पाहून दुसरा काढावा. दोहोंपैकीं जो लहान, तोच धोक्याचा अंक. कारण स्थिर नळावरील दुबळी नळीही टिकते, आणि थरथरत्या नळावरील आंखूड, भक्कम नळीही टिकते. दोन्ही दोष एकत्र आले तरच घात होतो. अंक ०.७ वा अधिक आल्यास रचना सुधारावी किंवा आधार द्यावा, ०.४ ते ०.७ असल्यास कंपन मोजावें. त्याहून कमी असल्यास प्रत्यक्ष पाहणी करावी.

उपाय साधे आहेत. नळी आंखूड करावी, टोकाचें वजन घटवावें, निरुपयोगी नळी काढून टाकावी. आधाराची पट्टी मात्र मोठ्या नळासच बांधावी, जवळच्या खांबास नव्हे. खांब स्थिर व नळ हालता. त्या ओढाताणींत नळी मोडते. नळासच बांधल्यास दोन्ही एकत्र हालतात व सांध्यावर ताण येत नाहीं.

तुमच्यापैकीं जे पुढें एंजिनियर होतील, त्यांनीं मोठ्या नळांबरोबर या लहान नळ्यांकडेही लक्ष द्यावें. तेथें काम करणाऱ्यांचे प्राण त्यांच्या मजबुतीवर अवलंबून असतात.