आधी साफसफाई, मग बँकेचं काम

ताईंनो, ग्रामसंघाच्या कॉम्प्युटरवर क्रोम उघडलं की भलत्याच जाहिराती येतात? शोधायला जावं एक आणि उघडतं दुसरंच? मग नको ते एक्स्टेन्शन शिरलंय का, ते बघा. फुकटचं सॉफ्टवेअर घेताना न वाचता 'नेक्स्ट, नेक्स्ट' दाबलं की ते सोबत येऊ शकतं. परवानगी मिळाली असेल तर आपण टाइप केलेला पासवर्डही ते वाचू शकतं. म्हणून तोवर गटाच्या खात्याचं काम त्यावर करू नका.

काढायचं असं :

१. वर उजवीकडची तीन टिंबं दाबा.

२. 'एक्स्टेन्शन्स', मग 'मॅनेज एक्स्टेन्शन्स' उघडा.

३. अनोळखी नाव दिसलं की आधी सगळ्यांना विचारा. कुणीच टाकलं नसेल तर 'रिमूव्ह' दाबा.

४. क्रोम बंद करून पुन्हा उघडा. जाहिराती थांबल्या की मगच बँकेचा पासवर्ड बदला.