पहाटेची सही

आई त्या रात्री अडीच वाजताच उठली होती. छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटत होतं, घाम फुटला होता, डावा हात जड झाला होता. मला कळलं ते साडेपाचला, बाळाला पाजायला उठले आणि ती हॉलमध्ये सोफ्यावर अंधारात बसलेली दिसली म्हणून. तीन तास अशी का बसलीस, असं विचारलं तर म्हणाली, "अगं, इथं नुसतं डॉक्टरांना दाखवायचं म्हटलं तरी हजारांत जातं म्हणता ना तुम्ही. म्हटलं पित्त असेल, उतरेल."

हे तिनं आमच्याकडूनच ऐकलं होतं. जेवताना, गाडीत, मित्रमंडळी आली की, इथल्या दवाखान्यांच्या खर्चाबद्दल आम्ही सगळे सतत बोलतो. ऐकणारी सातारची निवृत्त शिक्षिका त्यातून काय निष्कर्ष काढेल, याचा विचार मी कधी केला नव्हता. आईवडील इकडे आले असतील तर त्यांच्यासमोर पैशांचं बोलू नका. इतर बाबतींत चुकलं तर नुकसान पैशांचं होतं. ही चूक माझ्या आईच्या जिवावर बेतली असती.

ती माझ्या बाळंतपणासाठी अमेरिकेत आली होती, सहा महिन्यांच्या व्हिसावर, डिंकाचे लाडू आणि अळीव घेऊन. तिकिटाबरोबर मी तिचा विमाही घेतला होता, ऑनलाइन, दहा मिनिटांत, यादीतला सगळ्यात स्वस्त. वर ५० हजार डॉलर असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं होतं, तेवढं मी वाचलं. पाहुण्यांसाठीचे हे विमे दोन जातींचे असतात. एक 'फिक्स्ड बेनिफिट': खोलीचे दिवसाला इतके, तपासणीचे इतके, असा ठरलेला तक्ता, बिल कितीही येवो. दुसरा 'कॉम्प्रिहेन्सिव्ह': सुरुवातीची ठरावीक रक्कम आपण भरायची आणि त्यापुढच्या बिलाचा मोठा वाटा, कधी सगळाच, ठरलेल्या मर्यादेपर्यंत कंपनीनं. माझा पहिल्या जातीचा निघाला. दोन्हींच्या हप्त्यात फरक महिन्याला शंभर-सव्वाशे डॉलरचा होता.

त्या पहाटे आईला घेऊन गेलो ते रुग्णालय न्यू जर्सीतल्या एडिसनमधल्या आमच्या घरापासून वीस मिनिटांवर. याच रुग्णालयात तीन आठवड्यांपूर्वी माझं बाळंतपण झालं होतं. आत गेल्यावर नर्सनं आईला लगेच नेलं, ईसीजी काढला, रक्त घेतलं. थोड्या वेळानं एक मुलगी चाकांवरचा संगणक ढकलत आली आणि तिनं माझ्यापुढे सहीची पाटी धरली. त्या पाटीवर मजकूर नसतो, फक्त सहीची चौकट असते. "ही उपचारांना संमती," असं काहीसं ती म्हणाली. मी तीन सह्या केल्या. त्यातली एक बिलाची जबाबदारी व्यक्तिशः माझी आहे, अशी होती.

इथं जरा थांबून सांगते, कारण हे आपल्यातल्या फार थोड्यांना ठाऊक असतं. १९८६ सालापासून अमेरिकेत कायदा आहे की, आणीबाणीत आलेल्या रुग्णाला तपासून त्याची प्रकृती स्थिर करणं तातडीच्या विभागाला भाग आहे. मेडिकेअरचे, म्हणजे वृद्धांसाठीच्या सरकारी विम्याचे, पैसे घेणाऱ्या सगळ्या रुग्णालयांना तो लागू होतो, म्हणजे जवळपास सगळ्यांनाच. विमा आहे का, पैसे कोण देणार, या चौकशीपायी तपासणी लांबवता येत नाही. म्हणजे माझ्या त्या सहीवर आईचे उपचार अडलेले नव्हते. सज्ञान आईच्या बिलाची जबाबदारी मुलीवर आपोआप येत नाही. मी ती सही करून अंगावर घेतली. असा प्रसंग आला तर कागद छापून मागा, पैशांच्या जबाबदारीचा भाग वेगळा ओळखा, आणि 'रुग्णाच्या वतीनं' व 'जामीनदार' यांतला फरक पाहून मगच हात उचला. घाई वाटली तर म्हणा, आधी आईला बघू दे, कागद दुपारी वाचते.

आई वाचली. अँजिओग्राफी झाली, स्टेंट लागला नाही, औषधांवर भागलं. दोन रात्री राहून ती घरी आली आणि तिसऱ्या दिवशी माझं न ऐकता बाळाला तेल लावायला बसली.

बिल आलं ५८,४०० डॉलरचं. विमा कंपनीनं दोन महिने साताऱ्याच्या डॉक्टरांचे जुने कागद मागितले आणि शेवटी दावा नाकारला. आईला पंधरा वर्षांपासून रक्तदाब आहे, हे तातडीच्या विभागातल्या कागदावर लिहिलेलं होतं, मीच सांगितलं होतं. खरं तेच सांगायला हवं, डॉक्टरांपासून काही लपवायचं नाही. पण जुन्या आजाराला विमा कुठपर्यंत धरतो, तो अचानक उफाळला तर काय, त्याला वयाची अट आहे का, हे कलम तिकीट काढण्याआधी वाचायचं असतं. तक्त्याप्रमाणे मिळाले असते तरी चारेक हजारच मिळाले असते, तेही गेले.

आणि मग मी ती चूक केली जिच्यासाठी हा लेख लिहिते आहे. आमच्या घरात कुणाचं देणं ठेवायचं नाही, असं शिकवलेलं. वाण्याची वही महिन्याच्या महिन्याला मिटायची. रुग्णालयाच्या कार्यालयातून फोन आला की तीस दिवसांत भरलंत तर ४० टक्के सूट. मला हायसं वाटलं, त्या बाईंचे आभार मानले, आणि घराच्या पहिल्या हप्त्यासाठी साठवलेल्या पैशातून ३५,०४० डॉलर भरून टाकले. आईनं साताऱ्यातली ठेव मोडायची तयारी दाखवली होती. ते तिला करायला लावलं नाही, याचाच मला त्या दिवशी अभिमान वाटत होता.

दहा महिन्यांनी, मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमात, बिलिंगमध्ये वीस वर्षं काम केलेल्या एका काकू भेटल्या. त्यांनी विचारलं, "तपशीलवार बिल मागितलंस? आर्थिक मदतीचा अर्ज केलास?" मी दोन्ही केलं नव्हतं. २०१० च्या कायद्यानुसार ना-नफा रुग्णालयांना मदतीचं लेखी धोरण ठेवावं लागतं. त्यात बसणाऱ्या रुग्णाकडून, विमेदारांसाठी साधारणपणे जितकं आकारलं जातं त्याहून जास्त घेता येत नाही. रुग्ण घरी गेल्यावर आलेल्या पहिल्या बिलापासून २४० दिवसांत अर्ज करता येतो, आणि पैसे भरलेले असले तरी अर्ज मंजूर झाल्यास जादा रक्कम परत मिळते. न्यू जर्सीची स्वतःची 'चॅरिटी केअर' योजनाही आहे. रुग्ण आई होती, उत्पन्न तिचं पेन्शन होतं. माझा पगार बघून हसतील, असं धरून मी विचारलंच नव्हतं. त्या अर्जाची ओळ बिलावर छापलेली होती. मी घरी येऊन पाहिली. २४० दिवस उलटून गेले होते.

त्या रात्री मी दुसरा एक कागद काढला, माझ्या बाळंतपणाचा. नवऱ्याच्या कंपनीच्या विम्याकडून आलेला हिशेब: रुग्णालयानं लावलेले ३८ हजार, विमा कंपनीशी ठरलेल्या दरानं झालेले १४ हजार, आमच्याकडून घेतलेले अडीच हजार. तेच रुग्णालय, तोच महिना. म्हणजे ३८ हजार ही किंमत नव्हतीच, आणि आईचे ५८ हजार हीसुद्धा किंमत नव्हती. छापील दर हा वाटाघाटीची सुरुवात असतो. माझ्या वतीनं वाटाघाट करणारी कंपनी होती. आईच्या वतीनं मी होते, आणि मी कुणाशी काही बोललेच नाही.

तो कागद पहिल्यांदा आला तेव्हा मी काय केलं होतं, हेही आठवलं. "बघ किती वाचले," असं नवऱ्याला म्हणून फाइलला लावला होता. ३८ आणि १४ यांत इतकी तफावत का, हा प्रश्न मला पडला नाही, कारण माझे अडीचच गेले होते. इथली व्यवस्था बदलत का नाही, याचं मोठं उत्तर मला या आठवणीत दिसतं. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, पगारवाढीवर सरकारनं बंधनं घातली, तेव्हा माणसं टिकवायला कंपन्या विमा देऊ लागल्या. १९५४ च्या करकायद्यानं त्यावरची करमाफी पक्की केली. तेव्हापासून कोट्यवधी नोकरदारांच्या नजरेआड खर्च होतो आहे. २०२३ साली या देशानं आरोग्यावर ४.९ लाख कोटी डॉलर खर्च केले, देशाच्या एकूण उत्पन्नाच्या १७.६ टक्के. माणशी साडेचौदा हजार डॉलर. आपल्या पगारातूनच वळलेला हा पैसा आपल्याला दिसत नाही, म्हणून राग येत नाही.

आणि खर्च म्हणजे कुणाचं तरी उत्पन्न. राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी १९४५ मध्ये सर्वांसाठी राष्ट्रीय विमा सुचवला, तेव्हा डॉक्टरांच्या संघटनेनं समाजवादी औषधोपचार म्हणून तो हाणून पाडला. वीस वर्षांनी वृद्धांसाठी मेडिकेअर आलं. १९९३-९४ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांची योजना आली, तेव्हा विमा कंपन्यांच्या जाहिरातीत एक मध्यमवर्गीय जोडपं घरात बसून काळजी करायचं की, आपला आहे तो विमा जाईल. योजना बारगळली. मेडिकेअरला औषधांच्या किमतींची घासाघीस करायला २००३ च्या कायद्यानं मनाई केली होती. ती उठायला २०२२ साल उजाडलं, आणि तेही मोजक्या औषधांपुरतं. "आहे ते जाईल" ही भीती खोटी नाही. ती मलाही आहे. नवऱ्याची नोकरी गेली तर विमा जातो, म्हणून आम्ही दोघंही नको त्या नोकऱ्यांत राहिलो आहोत. पण त्या भीतीपोटी आपण गप्प बसतो, आणि ज्यांच्याकडे विमा नाही त्यांच्या वाट्याला ५८ हजार येतात. आपल्यापैकी जे आता इथले मतदार आहेत, त्यांनी उमेदवार दारात आल्यावर शाळा आणि कर यांच्याबरोबर हेही विचारायला हवं. मी विचारू लागले आहे.

त्या काकूंच्या सांगण्यानं पुढं एक केलं. तातडीच्या विभागातल्या डॉक्टरांचं वेगळं बिल, २,८६० डॉलरचं, तोवर वादात पडून होतं. फोन करून तपशील मागितला, प्रत्येक कामाच्या सांकेतिक क्रमांकासह. एक तपासणी दोनदा लावलेली निघाली. मेडिकेअर त्या कामाला किती देते, हे सरकारी संकेतस्थळावर पाहिलं आणि तेवढं देते म्हणाले. तीन फोन, दोन पत्रं, शेवटी १,१०० ला मिटलं. बोललेल्या माणसाचं नाव आणि तारीख वहीत लिहीत गेले, ठरलेलं लेखी मागवलं, आणि ते हातात आल्याशिवाय पैसे पाठवले नाहीत. आधी ठरवून करायच्या उपचारांसाठी, विमा नसेल तर, खर्चाचा लेखी अंदाज मागण्याचा हक्क २०२२ पासून आहे. बिल त्याहून ४०० डॉलर किंवा अधिक जास्त आलं तर तक्रार करता येते. साध्या तापखोकल्याला तातडीच्या विभागात न जाता अर्जंट केअर गाठा. पण छातीत दुखत असेल तर नाही. तेव्हा ९११.

यंदा मे महिन्यात आई पुन्हा आली. या वेळी विमा दुसऱ्या जातीचा आहे, जुन्या आजाराचं कलम मी आणि नवऱ्यानं दोनदा वाचलं. साताऱ्याच्या डॉक्टरांकडून औषधांची यादी इंग्रजीत लिहून आणली, तिची एक प्रत फ्रिजवर आहे. विमानतळावरून येताना गाडीतच तिला सांगितलं, रात्री अडीचला दुखलं तर अडीचलाच उठवायचं.

"आणि बिल?" तिनं विचारलं.

"ते माझ्याकडे. त्यात तू पडायचं नाही."

ती खिडकीबाहेर बघत राहिली. मग म्हणाली, "बरं. उठवीन." मी तिच्याकडून ते परत एकदा वदवून घेतलं.