नक्कल कोणाची?

अमेरिकन दूरचित्रवाणीवरील 'द सिम्पसन्स' या कार्टून-मालिकेच्या 1993 मधील एका भागात पूर्व युरोपातले म्हणून एक मांजर-उंदराचे कार्टून दाखविले आहे. रंग उदास, बोलणे अगम्य, विनोदाचा पत्ता नाही. प्रेक्षक हसतो, मूळ चित्रे त्याने बहुधा पाहिलेलीच नसतात. युगोस्लाव्हियातील झाग्रेब येथे दुशान वुकोतिच यांनी 1961 साली 'सुरोगात' काढला. त्यातला गृहस्थ समुद्रकिनाऱ्यावर होडी तर राहोच, प्रेयसीसुद्धा हवा भरून तयार करतो! हा रंगीत, खट्याळ लघुपट ऑस्कर मिळविणारा पहिला बिगर-अमेरिकन कार्टूनपट ठरला. तेव्हा ती नक्कल कलेची नव्हे, ऐकीव समजुतीची होय.

याउलट धुळ्याहून नाशिककडे जाताना लागणारे मालेगाव घ्या. व्हिडिओ पार्लर चालविलेल्या नासिर शेख यांनी परदेशी चित्रपट पुष्कळ पाहिले होते. त्यांच्या 'मालेगाव का सुपरमॅन'मध्ये यंत्रमागावर राबणारा हडकुळा शफीक शेख नायक झाला. तिथे हसू सुपरमॅनचे येते, तितकेच आपल्या गावाचेही.

आम्हां खानदेशी लोकांची नक्कल करणारे मात्र बहुधा पहिल्या जातीचे. आम्ही 'केळी'ला 'केयी' म्हणतो, एवढेच त्यांना ऐकू आलेले असते.