निवृत्तीच्या पैशांबाबत खात्रीचा सल्ला कोठे मिळेल?



ऊस विकास खात्याने प्रॉव्हिडंट फंड आणि पेन्शन यांवर का लिहावे, असे काहींना वाटेल. कारण साधे आहे. लागणीच्या नोंदी घ्यायला आम्ही गावोगाव फिरतो तेव्हा बांधावर पहिला प्रश्न उसाचा असतो आणि दुसरा हमखास घरातल्या नोकरीचा. आपल्या बऱ्याच सभासदांच्या घरातले एखादे माणूस हंगामात गव्हाणीवर, वजनकाट्यावर, बॉयलर हाऊसला किंवा आमच्याच खात्यात चिटबॉय म्हणून असते. "साहेब, भावाचे वय अठ्ठावन्न झाले, त्याला काय मिळेल?" असे विचारतात. आम्ही या विषयातले तज्ज्ञ नव्हे. पण कोणत्या प्रश्नासाठी कोणाच्या दारात जावे एवढे नीट चौकशी करून सांगता येते, तेवढेच येथे सांगत आहोत.

खताचा डोस शेजाऱ्याच्या उसाकडे बघून ठरवू नये, माती परीक्षण करावे, हे आम्ही दरवर्षी सांगतो. निवृत्तीच्या पैशाचेही तसेच आहे. शेजारी दहा वर्षांपूर्वी निवृत्त झाला. त्याला लागू असलेला नियम आज आपल्याला लागू असेलच असे नाही. कुटुंब पेन्शन योजना १९७१ साली आली. १६ नोव्हेंबर १९९५ पासून तिच्या जागी कर्मचारी पेन्शन योजना आली, तिलाच लोक 'ई.पी.एस. पंचाण्णव' म्हणतात. १ सप्टेंबर २०१४ पासून पेन्शनसाठी शेवटच्या बारा महिन्यांऐवजी साठ महिन्यांच्या पगाराची सरासरी धरू लागले आणि पगाराची मर्यादा ६,५०० वरून १५,००० रुपयांवर गेली. एवढे बदल झाल्यावर "माझ्या वेळी असे होते" या बोलण्याचा उपयोग गप्पांपुरताच.

आधी हे समजून घ्यावे की निवृत्तीचा पैसा एका पिशवीत नसतो. प्रॉव्हिडंट फंड वेगळा, पेन्शन वेगळी, ग्रॅच्युइटी वेगळी, आणि नोकरीत असताना मृत्यू आला तर विम्याची रक्कम आणखी वेगळी. ग्रॅच्युइटी कारखाना देतो. बाकीच्या तिन्ही गोष्टी कर्मचारी भविष्य निर्वाह निधी संघटनेच्या, म्हणजे आपण ज्याला पी.एफ. ऑफिस म्हणतो त्याच्या हातात असतात. ज्याच्याकडे पैसा आणि रेकॉर्ड आहे त्याच्याकडूनच उत्तर घ्यावे. चहाच्या टपरीवर दोन्हींपैकी काहीच नसते.

पासबुक बघून एक तक्रार वारंवार येते. "माझे बारा टक्के कापले, मग कारखान्याचे बारा टक्के पूर्ण का दिसत नाहीत? कोणी खाल्ले?" कोणी खाल्ले नाहीत. समजा पी.एफ.साठी धरलेला पगार १०,००० रुपये आहे. कामगाराचे १,२०० रुपये त्याच्या खात्यात जातात. कारखान्याच्या १,२०० पैकी ८.३३ टक्के, म्हणजे ८३३ रुपये, पेन्शन फंडात जातात आणि उरलेले ३६७ पी.एफ. खात्यात दिसतात. पेन्शन फंडातल्या रकमेवर व्याज साठत नाही. तिथून पुढे जन्मभर मिळणारी पेन्शन निघते. हे ठाऊक नसल्यामुळे चांगल्या माणसांची टाइम ऑफिसशी भांडणे झालेली आम्ही पाहिली आहेत.

आता हंगामी कामगारांचा मुद्दा. यावर थोडे थांबावे लागेल, कारण सर्वांत जास्त नुकसान इथेच होते.

पेन्शन मिळायला दहा वर्षांची सेवा लागते, हे बहुतेकांना माहीत असते. मग हंगामी माणूस बोटे मोजतो. हंगाम पाच महिन्यांचा, बारा हंगाम केले म्हणजे साठ महिने, म्हणजे पाचच वर्षे. "आपल्याला पेन्शन बसत नाही" असा निष्कर्ष तो काढतो, आणि ओळखीचा एजंट त्याला पेन्शनची रक्कम एकदम काढून घ्यायला लावतो. हा हिशेबच मुळात चुकीचा आहे. पेन्शन योजनेत स्पष्ट म्हटले आहे की, हंगामी आस्थापनेतील कामगाराची एखाद्या वर्षातली प्रत्यक्ष सेवा वर्षापेक्षा कमी असली तरी ते पूर्ण वर्ष धरावे. म्हणजे बारा हंगाम ही बारा वर्षे झाली. पेन्शनपात्र पगाराला सेवेच्या वर्षांनी गुणायचे आणि सत्तरने भागायचे, असे सूत्र आहे. ज्याची सगळी सेवा सप्टेंबर २०१४ नंतरची आहे आणि सरासरी पगार १५,००० धरला गेला, त्याला बारा हंगामांवर महिन्याला सुमारे २,५७१ रुपये बसतात. सेवा २०१४ च्या आधीपासूनची असेल तर त्या काळाचा हिस्सा जुन्या मर्यादेने मोजतात, त्यामुळे आकडा कमी येतो. वीस वर्षे भरली असतील आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी पेन्शन घेतली, तर दोन वर्षे वाढवून धरतात.

आता पहा. आठ हंगाम एका कारखान्यात आणि चार दुसऱ्यात केलेला माणूस पहिला कारखाना सोडताना फॉर्म १०-सी भरून पेन्शनची रक्कम काढून घेतो. मुलीचे लग्न असते, नड असते, आम्ही दोष देत नाही. पण त्या आठ वर्षांची सेवा तिथेच संपते आणि दुसरीकडे चारच उरतात. त्याच १०-सी फॉर्मवर पैसे न मागता योजना प्रमाणपत्र मागता येते. त्यात सेवेची वर्षे नोंदलेली राहतात आणि पुढच्या नोकरीत ती जोडली जातात. पुढची नोकरी लगेच लागली असेल तर खातेच नवीन कारखान्यात वर्ग करून घ्यावे. २०१४ पासून प्रत्येकाला एकच कायमचा नंबर मिळतो, त्याला यू.ए.एन. म्हणतात. त्याआधी प्रत्येक कारखान्याचा वेगळा नंबर असे. ज्यांनी तीन-चार कारखाने केले त्यांनी जुन्या पगारचिठ्ठ्या, हजेरी कार्डे, नेमणुकीची पत्रे शोधून ठेवावीत आणि सगळे नंबर एका यू.ए.एन.खाली आणून घ्यावेत. ट्रंकेच्या तळाला पडलेल्या एका चिठ्ठीवर वर्षाची सेवा अवलंबून असू शकते.

विश्वासू सल्ल्याची पहिली पायरी म्हणजे आपल्याच कारखान्याचे टाइम ऑफिस. तेथे विचारायचे प्रश्न मोजके आहेत. माझे नाव, जन्मतारीख आणि बापाचे नाव तुमच्या नोंदीत काय आहे? आधार कार्डाशी जुळते का? रुजू झाल्याची तारीख कोणती? वारस कोण लावला आहे? सेवेच्या नोंदीत हंगामी असे स्पष्ट आहे का? शाळेच्या दाखल्यावर एक जन्मतारीख, आधारवर दुसरी आणि कारखान्यात तिसरी असे कितीतरी जणांचे असते. ही दुरुस्ती सत्तावन्नाव्या वर्षी करायला घेतली तर दमछाक होते. पस्तिसाव्या वर्षी केली तर दोन हेलपाट्यांत होते. वारसाचे नाव तर लग्न झाल्यावर नव्याने भरायलाच हवे. लग्नाआधी आईचे नाव लावले आणि नंतर कोणी बघितलेच नाही, असे घराघरांत आहे.

दुसरी पायरी पी.एफ. ऑफिस. कोल्हापूर, पुणे, सोलापूर, नाशिक येथे ही कार्यालये आहेत. तिथे जायला एक दिवस मोडतो हे खरे. म्हणून हे लक्षात ठेवा की जानेवारी २०२३ पासून 'निधी आपके निकट' हा कार्यक्रम प्रत्येक जिल्ह्यात दर महिन्याच्या २७ तारखेला ठेवला जाऊ लागला. त्या दिवशी सुट्टी आली तर पुढच्या कामाच्या दिवशी. अधिकारी समोर बसतात, तोंडी विचारता येते. ठिकाण बदलते, ते कारखान्यात आधी विचारून घ्यावे. फोनवर चौकशी करायची तर १४४७० हा संघटनेचा नंबर आहे. अर्ज करून उत्तर येत नसेल तर संघटनेच्या तक्रार पोर्टलवर तक्रार नोंदवावी आणि तिचा क्रमांक जपून ठेवावा. पूर्ण भरलेला अर्ज वीस दिवसांत निकाली काढायचा असतो. तोंडी आश्वासनावर घरी परतू नये; पोच घ्यावी.

पेन्शनचा अर्ज फॉर्म १०-डी वर होतो, पी.एफ.चा फॉर्म १९ वर. दोन्हीला फी नाही. ही गोष्ट आम्ही मुद्दाम लिहीत आहोत, कारण कार्यालयाच्या फाटकापाशी फाइल काखेत धरून उभी असलेली मंडळी टक्केवारीत बोलतात. ज्याला आपल्या रकमेतून हिस्सा मिळतो, तो आपल्याला "काढून घ्या" असेच सांगणार. "प्रमाणपत्र घ्या आणि अठ्ठावन्नपर्यंत थांबा" असे सांगण्यात त्याचा काय फायदा? मोबाईलवर आलेला ओ.टी.पी. त्याच्या हातात देणे म्हणजे तिजोरीची किल्ली देणे आहे.

पेन्शन पन्नासाव्या वर्षापासून घेता येते, पण अठ्ठावन्नला जितकी वर्षे कमी असतील त्या दर वर्षाला ४ टक्के कपात होते आणि ती कायमची राहते. उलट अठ्ठावन्न पूर्ण झाल्यावर नोकरी चालू असली तरी पेन्शनचा हक्क सुरू होतो. "अजून कामावर आहे, मग बघू" म्हणून कोणी अर्ज लांबवला असेल त्याने पी.एफ. ऑफिसला एकदा विचारून यावे. मोबाईलवर "किमान पेन्शन ७,५०० झाली" असे मजकूर फिरतात. २०१४ साली किमान पेन्शन १,००० रुपये ठरली. ७,५०० ही पेन्शनरांच्या संघटनांची मागणी आहे, आणि आमच्या मते ती रास्तही आहे, पण मागणी आणि निर्णय यांत अंतर असते. संघटनेच्या अधिकृत पत्रकावर दिसेपर्यंत तिच्या भरवशावर कर्ज काढू नये.

ग्रॅच्युइटीचे दार वेगळे. बारमाही कामगाराला दर वर्षाला पंधरा दिवसांचा पगार आणि हंगामी कामगाराला दर हंगामाला सात दिवसांचा, असे माप १९७२ च्या कायद्यात होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून तो कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला. ही मापे तिथेही तीच राहिली. समजा दिवसाचा पगार ६०० रुपये आणि वीस हंगाम झाले, तर सात दिवसांचे ४,२०० गुणिले वीस म्हणजे ८४,००० रुपये. पगार कशाला म्हणायचे याची व्याख्या मात्र संहितेत नवी आहे, म्हणून जुन्या निवृत्तांचा आकडा नमुना म्हणून धरू नये. कामगार संघटनेच्या करारात याहून जास्त ठरले असेल तर करार बघावा. संघटनेच्या पदाधिकाऱ्यांकडे प्रत असते. रक्कम देय झाल्यापासून तीस दिवसांत मिळायला हवी. न मिळाल्यास कामगार आयुक्तांच्या कार्यालयात दाद मागता येते. वकिलाची फी परवडत नाही म्हणून गप्प बसायचे कारण नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने औद्योगिक कामगाराला मोफत कायदेशीर मदतीचा हक्क दिला आहे, स्त्रियांनाही दिला आहे. तालुक्याच्या न्यायालयातच विधी सेवा समितीचे कार्यालय असते.

स्त्रियांचे नाव निघाले म्हणून एक सांगून टाकतो. कामगार नोकरीत असताना गेला तर त्याच्या पत्नीला कोणीतरी सांगते, "दहा वर्षे भरली नाहीत, पेन्शन नाही." हे साफ खोटे आहे. दहा वर्षांची अट निवृत्तीच्या पेन्शनला आहे. नोकरीत मृत्यू आल्यास पेन्शन फंडात एका महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी विधवेला पेन्शन मिळते, आणि दोन मुलांना पंचवीस वर्षांचे होईपर्यंत वेगळी पेन्शन मिळते. ठेव संलग्न विम्याची रक्कमही असते. तिची कमाल मर्यादा सात लाख रुपये. यासाठी कामगाराच्या पगारातून काही कापलेले नसते, म्हणून घरच्यांना तिचा पत्ताच नसतो. अशा घरी भेटायला जाल तेव्हा एवढे सांगून या.

राहिले ते नोकरी नसलेले शेतकरी सभासद. दोन हेक्टरपर्यंत जमीन आणि वय १८ ते ४० असेल त्यांच्यासाठी सप्टेंबर २०१९ मध्ये प्रधानमंत्री किसान मानधन योजना सुरू झाली. वयाप्रमाणे महिन्याला ५५ ते २०० रुपये भरायचे, तितकीच भर केंद्र सरकार घालते, आणि साठीनंतर महिना ३,००० रुपये मिळतात. ज्याचा पी.एफ. कापला जातो त्याला ती घेता येत नाही. नोंदणी सी.एस.सी. केंद्रावर होते, जाताना आधार, बँक पासबुक आणि सातबारा बरोबर असावा. हा मुद्दा खरे तर स्वतंत्र लेखाचा आहे.

ज्यांची पेन्शन चालू झाली आहे त्यांनी हयातीचा दाखला दरवर्षी द्यायचा असतो. त्यासाठी नोव्हेंबरची वाट पाहून रांगेत उभे राहायची गरज उरलेली नाही. वर्षातून केव्हाही द्यावा, तो त्या दिवसापासून बारा महिने चालतो. बँकेत, पोस्टात किंवा सी.एस.सी. केंद्रात अंगठ्यावर होतो. ऊसतोड संपली की फेब्रुवारी-मार्चमध्ये देऊन टाकलेला बरा. कष्टाने घासलेल्या बोटांचे ठसे कधी कधी यंत्र घेत नाही. तेव्हा चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय आहे, ती मागावी.