ओझोनची छत्री आणि दुरुस्तीचा खर्च

दरवर्षी १६ सप्टेंबरला आपल्या शाळेच्या व्हरांड्यात ओझोन दिनाचा फलक लागतो. पृथ्वीच्या डोक्यावर एक निळी छत्री आणि त्या छत्रीला पडलेले मोठे भोक, असे त्याचे ठरलेले चित्र. गेल्या वर्षी इयत्ता आठवीच्या एका विद्यार्थिनीने मला विचारले, ‘सर, ही छत्री अजून फाटकीच आहे का? कोणी शिवली नाही?’ मी इतिहास शिकवतो, विज्ञान नव्हे. परंतु प्रश्न इतिहासाचाच होता. आम्ही वर्षानुवर्षे नुकसानीचे चित्र लावीत आलो आणि दुरुस्तीची हकीकत सांगायची राहून गेली. स्मरणिकेच्या निमित्ताने ती येथे मांडत आहे.

हे भोक कोणाच्या दुष्टपणामुळे पडले नाही. पूर्वी शीतकपाटांत अमोनिया, सल्फर डायऑक्साइड असे विषारी वायू वापरीत. गळती झाली की माणसे दगावत. १९२८ मध्ये अमेरिकेत टॉमस मिजली यांनी त्याला पर्याय शोधला. क्लोरोफ्लुरोकार्बन, म्हणजेच सीएफसी, हा वायू विषारी नाही, पेट घेत नाही आणि सहजासहजी विघटितही होत नाही. त्या काळी तो वरदानच वाटला. पुढे फवाऱ्याचे डबे, गादीचा फोम, वातानुकूलन यंत्रे, सर्वत्र तो पोहोचला.

न विघटण्याचा हा गुणच शेवटी घातक ठरला. १९७४ मध्ये मारिओ मोलिना आणि शेरवुड रोलंड यांनी दाखवून दिले की हा वायू हळूहळू वातावरणाच्या वरच्या थरात जातो, तेथे अतिनील किरणांनी फुटतो आणि सुटा झालेला क्लोरीनचा एकेक अणू ओझोनचे हजारो रेणू नष्ट करतो. उद्योगांनी हा केवळ तर्क आहे म्हणून तो बाजूला सारला. पुरावा मिळाला तो अंटार्क्टिकावरील हॅली येथील ब्रिटिश केंद्रातून. तेथे १९५० च्या दशकापासून ओझोन मोजण्याचे कंटाळवाणे काम अखंड चालू होते. ऑक्टोबरचे आकडे घसरू लागले तेव्हा उपकरणच बिघडले असावे, या शंकेने जोसेफ फारमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुसरे उपकरण लावून पाहिले. आकडे तेच आले. १९८५ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केले. उपग्रहानेही हे नीचांकी आकडे टिपले होते, पण ते शंकास्पद म्हणून वेगळे काढले गेले होते.

आपल्या देशातही असे चिकाटीचे काम करणारी एक स्त्री होऊन गेली, हे मुलींना मी मुद्दाम सांगतो. ॲना मणी १९४८ मध्ये पुण्याच्या हवामान खात्यात रुजू झाल्या, उपकरणे देशातच बनावीत यासाठी झटल्या आणि फुग्याबरोबर आकाशात सोडायचे ओझोनमापक भारतीय बनावटीचे करून दाखवले.

१६ सप्टेंबर १९८७ रोजी माँट्रियल येथे करार झाला. पर्यायी वायूंचे संशोधन काही कंपन्यांनी पूर्वी सुरू करून गुंडाळून ठेवले होते. कायद्याची तारीख समोर येताच ते पुन्हा जोमाने सुरू झाले. तंत्रज्ञान आपोआप येत नाही, त्याला कोणीतरी मुदत घालून द्यावी लागते, असे माझे मत बनले ते या प्रकरणावरून.

तरीही भारत आणि चीन या करारात लगेच सामील झाले नाहीत. पाठ्यपुस्तकांत ही बाजू क्वचितच येते आणि मला तीच सर्वांत महत्त्वाची वाटते. सीएफसीचा बहुतांश वापर श्रीमंत देशांनी केला होता. आपल्याकडे तेव्हा शीतकपाट ही मोजक्या घरांतली वस्तू होती. ज्यांनी थंड पाणी पुरते प्यायलेही नव्हते, त्यांनी नव्या कारखान्यांचा आणि महागड्या तंत्राचा भार उचलावा, हा न्याय कुठला? १९९० च्या लंडन परिषदेत तत्कालीन पर्यावरण मंत्री मनेका गांधी यांनी निधी आणि तंत्रज्ञान-हस्तांतरण यांचा आग्रह धरला. त्याच परिषदेत बहुपक्षीय निधी स्थापन झाला. आरंभी तीन वर्षांसाठी १६ कोटी डॉलर ठरले. भारत आणि चीन आले तर २४ कोटी. हा निधी कर्जाऊ नव्हता, विकसित देशांनी भरायची वर्गणी होती. १९९२ मध्ये भारत करारात आला. त्या निधीतून आजवर ४०० कोटी डॉलरहून अधिक रक्कम विकसनशील देशांत खर्च झाली आहे. ही भीक नव्हे, नुकसान करणाऱ्याने दिलेला दुरुस्तीचा वाटा होता.

हा पैसा केवळ कारखान्यांत गेला नाही. पूर्वी फ्रिज दुरुस्त करणारा कारागीर नळी उघडून उरलेला वायू हवेत सोडून देई आणि नवा भरी. त्यात त्याचा दोष नव्हता, त्याला तसेच शिकवले होते. सीएफसी बंद करण्याच्या राष्ट्रीय योजनेत अशा हजारो छोट्या कारागिरांना प्रशिक्षण दिले गेले, वायू काढून साठवण्याची यंत्रे पुरवली गेली. आपल्या शाळेतून दहावी होऊन आयटीआयला गेलेला एक विद्यार्थी त्यांत होता. तो मला म्हणाला, ‘सर, तोवर आम्हांला कोणी कारागीर म्हटलं नव्हतं, फ्रिजवाला म्हणायचे.’ एखाद्या आंतरराष्ट्रीय कराराचे मोजमाप या वाक्यानेही करावे.

२००८ मध्ये, ठरलेल्या मुदतीआधीच, भारताने सर्वसाधारण वापरासाठीचे सीएफसी उत्पादन थांबवले. वाचकांनी घरच्या फ्रिजच्या मागील पट्टी जरूर वाचावी. नव्या यंत्रावर बहुधा ‘आर-६००ए’ असे असेल. तो आयसोब्युटेन, ओझोनला निरुपद्रवी.

तर त्या विद्यार्थिनीला काय सांगायचे? छत्री शिवली जात आहे, पण वायू दीर्घायुषी असल्याने टाके सावकाश पडत आहेत. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय अहवालानुसार सध्याची धोरणे टिकली तर बहुतेक जगावरचा थर २०४० च्या सुमारास १९८० च्या पातळीला येईल. अंटार्क्टिकावर त्यासाठी २०६६ उजाडेल. ती मुलगी तेव्हा पंचावन्न वर्षांची, म्हणजे जवळपास माझ्या आजच्या वयाची असेल. मधल्या काळात पहारा हवाच. २०१८ मध्ये बंदी असलेल्या सीएफसी-११ चे प्रमाण अपेक्षेप्रमाणे घटत नसल्याचे आढळले आणि मोजमापांवरून पुढे त्याचा माग पूर्व चीनपर्यंत लागला. शिवाय सीएफसीची जागा घेणारे काही वायू ओझोनला सुरक्षित असले तरी पृथ्वी तापवतात, म्हणून २०१६ मध्ये किगाली येथे त्यांच्यावरही मर्यादा घालावी लागली. पुन्हा नवे तंत्र, पुन्हा खर्चाचा तोच प्रश्न.

तो माजी विद्यार्थी आता स्वतःचे दुकान चालवतो. नव्या वातानुकूलन यंत्रांतले काही वायू ज्वलनशील आहेत, ते हाताळायला निराळे शिक्षण लागते, असे तो सांगत होता. येत्या १६ सप्टेंबरला त्याला शाळेत बोलावले आहे. फलक या वेळी आठवीच्या मुली नव्याने रंगवणार आहेत. छत्रीवर टाके किती दाखवायचे, यावर त्यांच्यात अजून वाद चालू आहे.