पॅकेजची ओळख

कला शाखेच्या विद्यार्थिनीने सॉफ्टवेअरवर लेख लिहावा याचे काही वाचकांना नवल वाटेल. पण गेल्या वर्षी परीक्षेच्या ऐन आठवड्यात आपल्या ग्रंथालयातील देवघेवीचा संगणक दोन दिवस बंद होता, हे पुष्कळांना आठवत असेल. तो बंद पाडणारी व्यक्ती मीच. त्या चुकीतून जे कळले ते येथे मांडते.

त्या संगणकावर ‘डेबियन’ ही मुक्त प्रणाली आहे. १९९३ साली इअन मरडॉक यांनी तिचा आरंभ केला. तिच्यात प्रत्येक सॉफ्टवेअर ‘पॅकेज’ नावाच्या गाठोड्यात बांधून येते. ही गाठोडी ‘बायनरी’ असतात. म्हणजे मूळ लेखन आधीच यंत्राच्या भाषेत उतरवलेले असते, आपण फक्त गाठोडे सोडून बसवायचे. ग्रंथालयातले इंटरनेट बेभरवशाचे. म्हणून मी शहरातून नवी पॅकेजे पेनड्राइव्हवर आणीत असे, आणि जुन्याच्या जागी नवे आपोआप बसवणारा एक छोटा प्रोग्रॅम पायथॉन भाषेत लिहिला होता. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच; ग्रंथपाल सरांनी हे काम विश्वासाने सोपवले याचा मला जरा जास्तच अभिमान झाला होता.

प्रोग्रॅमपुढे प्रश्न दोनच होते. पेनड्राइव्हवरील पॅकेज हे संगणकावरील कोणत्या पॅकेजचे वारस? आणि ते खरोखर नवे आहे काय? मी दोन्ही उत्तरे फाइलच्या नावावरून काढली. त्या नावात पॅकेजचे नाव, आवृत्ती आणि यंत्राची जात अशी तीन अंगे असतात. सारे बाहेर लिहिलेले असताना आत कशाला डोकवा, असा माझा हिशेब.

पहिली ठेच आवृत्तीला लागली. मी आवृत्त्या शब्दकोशातल्या शब्दांसारख्या अक्षराअक्षराने ताडल्या. त्या रीतीने १.१० ही १.९ च्या आधी येते, कारण १ हा ९ पेक्षा लहान. वडिलांना हे सांगितले तेव्हा ते हसले. सातबारावर ४५/१० हा हिस्सा ४५/९ च्या पुढचा, हे शेतकऱ्याला शिकवावे लागत नाही. माझ्या प्रोग्रॅमने मात्र १.१० काढून तिच्या जागी १.९ बसवली, आणि तिच्यावर विसंबलेला देवघेवीचा प्रोग्रॅम सुरूच होईना. पॅकेज बसवणाऱ्या ‘डीपीकेजी’ या साधनाने आपण मागे जात आहोत असा इशारा दिला होता. तो वाचायला मी तेथे नव्हते. दोन दिवस सरांनी सगळी देवघेव वहीत हाताने नोंदवली. मला एका शब्दानेही बोलले नाहीत, हेच अधिक लागले.

दुरुस्ती करताना आणखी एक गोष्ट कळली. डेबियनच्या आवृत्तीला कधीकधी आरंभी एक वेगळा अंक असतो, त्याला ‘इपॉक’ म्हणतात. मूळ कर्त्याने क्रमांक देण्याची पद्धतच बदलली आणि नवी आवृत्ती आकड्याने लहान दिसू लागली, की हा अंक वाढवतात. तो सर्वांत आधी ताडला जातो. डेबियन १२ प्रसिद्ध झाली तेव्हा तिच्यातील ‘विम’ची आवृत्ती २:९.०.१३७८-२ अशी होती. पण फाइलच्या नावात ते ‘२:’ लिहीत नाहीत. म्हणजे ज्या अंकाचा मान सर्वांत मोठा तोच दारावरच्या पाटीवर नाही! म्हणून आता माझा प्रोग्रॅम पॅकेजच्या आतील नोंद वाचतो आणि तुलना डीपीकेजीकडूनच करून घेतो.

नावाचीही तीच गत. २०१३ च्या डेबियन ७ पासून एकाच नावाची काही पॅकेजे ६४-बिट आणि ३२-बिट अशा दोन्ही रूपांत एकाच संगणकावर नांदू शकतात. तेव्हा नुसते नाव पुरत नाही, यंत्राची जातही हवी. उलट नाव, आवृत्ती, जात सारे जुळूनही दोन ठिकाणी बांधलेली पॅकेजे आतून वेगळी असू शकतात. ते ओळखण्यासाठी फाइलचा ठसा काढतात. ‘एसएचए-२५६’ या रीतीचा ठसा सामान्यतः ६४ अक्षरांत लिहितात, आणि फाइलमधील एक बिट बदलला तरी तो पार बदलतो.

मग ठसा हीच ओळख का मानू नये? मलाही तसेच वाटले होते. पण दोन ठशांकडे पाहून ते एकाच सॉफ्टवेअरचे आहेत की नाहीत, आणि नवे कोणते, हे कळत नाही. येथेच खरी अडचण आहे. वारस ओळखायला न बदलणारी खूण लागते आणि नेमकी फाइल ओळखायला प्रत्येक वेळी बदलणारी. या दोन मागण्या एका खुणेत बसत नाहीत. माझ्या प्रोग्रॅममध्ये आता नाव व जात वारसासाठी, आवृत्ती क्रमासाठी आणि ठसा खातरजमेसाठी, अशी विभागणी आहे.

न बदलणारे नावही कधी बदलतेच. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये ‘गिट’ लिहिले तेव्हा डेबियनमध्ये ते नाव आधीच ‘ग्नू इंटरॲक्टिव्ह टूल्स’ या फाइली चाळण्याच्या साधनाकडे होते. म्हणून नवागताला ‘गिट-कोअर’ म्हणावे लागले. ‘गिट’ हे नाव त्याला २०११ च्या डेबियन ६ मध्ये मिळाले. केवळ नावावर विसंबणाऱ्या प्रोग्रॅमने एकाच्या गादीवर दुसऱ्यालाच बसवले असते. असे नामांतर कळावे म्हणून पॅकेजच्या आत ‘हे अमुकाची जागा घेते’ अशी नोंद ठेवण्याची सोय आहे. ती वाचणे माझ्या प्रोग्रॅमला अजून जमत नाही. तोवर नाव बदललेली पॅकेजे मी हातानेच बसवते, आणि त्यांची यादी सरांच्या त्याच वहीच्या शेवटच्या पानावर आहे.